तम्मा पूजेला बसला आहे

कपाटाच्या दारावरचा कागद

आप्पाजींच्या डिझाइनचा संगणक.
पंखा झाकायचा नाही. वर फुलदाणी ठेवायची नाही.
आत दोन डिस्क आहेत. वरची अण्णा, खालची तम्मा.
एकीवर जे आहे ते सगळं दुसरीवरही आहे.
एक बिघडली तरी काम थांबणार नाही. काळजी नको.
— कस्तुरी, वरचा मजला

कागद कुणी लावला, कशासाठी

जुन्या येलहंक्यात, तळमजल्यावर, तानूबाईंचं भरतकामाचं वर्कशॉप आहे. आठ हेडचं एक मशीन, दोन शिवणयंत्रं आणि एक अख्खी भिंत धाग्यांच्या रिळांची. वर्कशॉप तानूबाई चालवतात. डिझाइन त्यांचे यजमान आप्पाजी काढायचे. काढायचे, कारण दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. त्या हातात चहाचा पेला राहतो, पेन्सिल राहत नाही.

एकतीस वर्षांत त्यांनी कागदावर अकराशे बारा चित्रं काढली. मुलगी कावेरी लग्न होऊन हुबळीला गेली, पण जाण्याआधी तिने सगळी चित्रं स्कॅन करून संगणकात ठेवली. पुढच्याच वर्षी कागदांच्या पेटीला वाळवी लागली. म्हणजे आता आप्पाजींची चित्रं जगात एकाच ठिकाणी होती, आणि यंदाच्या श्रावणात ती जागा कटकट वाजू लागली.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कस्तुरीने जिन्यात थांबून कान दिला. ती नागपूरची, हेब्बाळकडच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते.

"हा आवाज कधीपासून येतोय?"

"नागपंचमीपासून," तानूबाई म्हणाल्या. "मला वाटलं संगणक असाच बोलतो."

त्या आठवड्याच्या रविवारी कस्तुरीने दोन नव्या डिस्क आणल्या. कपाटात ठेवायचा एक बुटका संगणक आणला, त्यात डिस्क ड्रॉवरसारख्या आत-बाहेर सरकत. त्यावर तिने लिनक्स चढवलं.

"हे कुठल्या कंपनीचं?" आप्पाजींनी विचारलं.

"कुठल्याच नाही. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलंय. कुणीही उघडून बघावं, कुणीही वापरावं."

"म्हणजे बिघडलं तर जायचं कुणाच्या दारात?"

"माझ्या. वीस पायऱ्या आहेत."

"सरी, ठीक. गुडघ्यांना विचारून बिघडवतो."

मग तिने दोन्ही डिस्क एकमेकींशी बांधल्या. एका जागी लिहिलं की दोन्हीकडे लिहिलं जाणार. जुन्या संगणकातली सगळी चित्रं तिने तिथे उतरवली. आप्पाजींनी पडद्यावरचा आकडा वाचला.

"पाचशे जीबीची ही. पाचशेची ती. मिळून पाचशेच दाखवतंय. कस्तुरीबाई, नागपुरात बेरीज अशी करतात?"

"दुसरे पाचशे पहिल्याची राखण करतात, आप्पाजी."

फोनवर विचारता यावं म्हणून डिस्कना नावं हवी होती. इथे कन्नडमध्ये थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, धाकट्याला तम्मा. तानूबाईंनी कॉलरच्या लेबलवर दोन्ही नावं लाल धाग्याने भरून ट्रेवर चिकटवली. कस्तुरीने दारावर कागद लावला.

एक काम राहिलं. डिस्क जोडीतून गळाली तर कस्तुरीच्या फोनवर निरोप यावा, एवढी एक ओळ लिहायची होती. ती तिने पुढच्या रविवारवर टाकली.

पुढचा रविवार.
पुढचा रविवार.
पुढचा रविवार.

कार्तिकातला रविवार, सकाळी दहा

नागपूरहून परतलेली कस्तुरी संत्र्यांची पिशवी घेऊन खाली आली. आप्पाजी रिळांच्या भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले होते. नेहमीसारखं "या, बेरीजवाल्या बाई," असं काही म्हणाले नाहीत. मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे बघू लागले.

"पोपट गेले," तानूबाई म्हणाल्या.

"कुठले पोपट?"

"पोपटाची वेल. यांचं चित्र. गल्लीच्या टोकाची राजलक्ष्मी, तिच्या लग्नाच्या ब्लाउजवर भरली होती बघ, सत्त्याण्णव साली. तू कुठून बघणार, तू तेव्हा नागपुरात पाळण्यात. आता तिच्या मुलीला आपल्या लग्नात तीच हवी. जुना ब्लाउज राहिला नाही, अल्बममध्ये एक फोटो आहे अंगठ्याएवढा. मी म्हटलं, काळजी नको, आमच्याकडे दोन-दोन ठिकाणी आहे. बाराला येतील दोघी. शुक्रवारपासून शोधतेय, सापडत नाही."

"दुसऱ्या नावाने असेल."

"नाव सोड. 'जुनी चित्रं' म्हणून फोल्डर होतं ना? ते फोल्डरच नाही."

कस्तुरी पिशवी खाली ठेवायची विसरली. त्या फोल्डरमध्ये आप्पाजींची पहिली वीस वर्षं होती, सहाशे बारा चित्रं. ती त्यांना पुन्हा काढता येणार नव्हती. आणि काळजी नको हे शब्द तिच्या अक्षरात दारावर लावलेले होते.

ती बसली. तीन जागी शोधलं. नव्हतं. मग तिने डिस्कची जोडी तपासली. पडद्यावर आलं ते असं:

दोनपैकी एक.
अण्णा: हजर.
तम्मा: ____

तारीख दीड महिन्यापूर्वीची. तिने कपाट उघडून वाकून पाहिलं. वर अण्णाचं लाल अक्षर. खाली काळोखा चौकोन.

"तानूअक्का, खालचा ट्रे कुठाय?"

"कुठला?"

"तम्मा."

"तो होय? तो पूजेला बसलाय."

खंडेनवमीला पाटावर काय काय होतं

तीन कात्र्या. चौथी मोठी कात्री, तिला आप्पाजींशिवाय कुणी हात लावत नाही. आठ बॉबिन केस. टेप. निळा खडू. हातभरतीची आरी. आप्पाजींची पेन्सिल, दोन वर्षं टोक न काढलेली. स्कूटरची किल्ली, स्कूटर बाहेर होती, केळीचे खुंट बांधून. मध्ये कोहळा. कोहळ्याला टेकून तम्मा, डोक्यावर पिवळी शेवंती.

तानूबाईंचं म्हणणं

"मशीनची पूजा करतो तेव्हा गंध सुईला लावतो, पत्र्याला नाही. संगणकाची सुई आत. म्हणून काढली. बटण आधी बंद केलं होतं, तू शिकवलंस तसं."

"आणि परत का नाही लावली?"

"दसऱ्याला लावणारच होते. पण सकाळी बटण दाबलं तर अण्णा एकट्यानं सगळं करायला लागला. कशाला अडलं नाही. म्हटलं, एक काम करतो, एक राखण करतो. राखण करणारा देवापाशी असलेला काय वाईट? देव्हाऱ्यात उंदीर नाही, धूळ नाही. रोज दिवा आहे."

कस्तुरीला हसू आलं नाही, रागही आला नाही. ऑफिसात याहून मोठ्या पदव्यांच्या माणसांनी याहून वाईट कारणं सांगितली होती. शिवाय ती एक ओळ तिने पहिल्याच रविवारी लिहिली असती, तर दसऱ्याच्या सकाळी तिच्या फोनवर निरोप आला असता.

"आणा त्याला," ती म्हणाली.

तानूबाईंनी तम्माला दोन्ही हातांनी आणलं. कपाळावर वाळलेलं गंध, त्यावर कुंकू. कस्तुरीने तो उलटा केला.

"पाणी?"

"फुलानं शिंपडलं. स्वल्प. दोन थेंब."

जिथे डिस्क संगणकाला जोडली जाते त्या खाचेत अक्षतेचा एक दाणा अडकला होता. तानूबाईंनी आठ नंबरची सुई दिली. दाणा निघाला, तो त्यांनी जमिनीवर पडू दिला नाही. गंध कस्तुरीने तसंच ठेवलं. ते पत्र्यावर होतं, पत्र्याला त्याचं काही नव्हतं.

तम्मा आत सरकला. आत काहीतरी फिरू लागल्याचा बारीक आवाज आला.

एक ओळ

तो आत गेला तरी जोडीत गेला नाही. इतके दिवस बाहेर राहिलेल्याला विचारल्याशिवाय घरात घ्यायचं नाही, असं ही व्यवस्था लिहिणाऱ्यांनी ठरवून ठेवलेलं आहे. विचारायचं म्हणजे एक ओळ टाइप करायची. मोडलेली जोडी दिसली की आधी जोडायची, बाकी चौकशी मागून. कस्तुरीच्या बोटांना दहा वर्षांची सवय होती. तिने ओळ लिहिली: तम्माला परत घे, अण्णावर जसं आहे तसं सगळं त्याच्यावर उतरव. बोट एंटरवर ठेवलं आणि

आप्पाजी

"मी काढली," आप्पाजी भिंतीला म्हणाले.

"काय?"

"चित्रं. मीच काढून टाकली. दिवाळीच्या आधी." ते स्टुलावर वळले. "डिस्क भरली, डिस्क भरली, म्हणून तो पडदा सारखं सांगत होता. घरात झाडलोट चाललेली. तू लिहिलंयस, एकीवर जे आहे ते दुसरीवर आहे. मग म्हटलं, अण्णावरची जुनी काढू. तम्मावर आहेतच."

"आणि शुक्रवारपासून मी शोधतेय तेव्हा?" तानूबाई म्हणाल्या.

"शुक्रवारी मला कळलं की तम्मावरूनही गेली."

"तम्मा इथं होताच कुठं?"

"ते मला काय माहीत? देव्हाऱ्यात कोण बसलंय ते तू मला विचारून बसवतेस का?"

"तुम्ही मला विचारून काढलीत?"

आणि

उचललं.

कस्तुरीने हात मांडीवर घेतले. तम्मा नवमीला बाहेर आला. चित्रं गेली दिवाळीच्या आधी. तिने बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं, दुसऱ्या हातावर.

अण्णावर, आज:
यंदाच्या लग्नसराईचं काम, आहे.
नवी चित्रं पाचशे, आहेत.
जुनी चित्रं सहाशे बारा, नाहीत.

तम्मावर, नवमीला थांबलेलं:
यंदाच्या लग्नसराईचं काम, नाही.
नवी चित्रं पाचशे, आहेत.
जुनी चित्रं सहाशे बारा, आहेत.

असणार.

"आप्पाजी," ती म्हणाली, "एकीवरून पुसलं की दुसरीवरूनही पुसलं जातं. त्याच क्षणी. जोडी म्हणजे तेच."

"असं कसं? एका डब्यातलं पीठ काढलं म्हणून दुसऱ्या डब्यातलं कमी होतं का?"

"हे डबे तसे नाहीत."

"मग ही राखण कसली?"

"डिस्क मेली तर. माणसानं पुसलं तर नाही."

"हे दारावर लिहिलं नाहीस."

"नाही लिहिलं," कस्तुरी म्हणाली. "लिहायला हवं होतं. आणि आत्ता तुम्ही बोलला नसतात तर अण्णावरची रिकामी जागा मीच तम्मावर उतरवली असती. बोट ठेवलं होतं."

आप्पाजींनी तिच्या बोटाकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे.

"उघड बघू," ते म्हणाले.

तिने लिहिलेली ओळ एकेक अक्षर मागे जात पुसली. दुसरी लिहिली: तम्माला एकट्याला उठव, फक्त वाचायला, त्याच्यावर कुणी काही लिहायचं नाही. लिहून झाल्यावर ती पुन्हा वाचली. तानूबाईंनाही वाचून दाखवली, मराठीत.

"बरोबर आहे?" तानूबाईंनी विचारलं.

"बरोबर आहे."

"मग थांबलीस का?"

तिने एंटर दाबलं.

सहाशे बारा

फोल्डर होतं. आत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं होतं. ती आकडा मोठ्याने म्हणाली आणि आप्पाजी स्टुलावरून उठून तिच्या खांद्यामागे आले.

पोपटाची वेल उघडली. राखाडी कागद, त्यावर पेन्सिलीची एक रेघ, कुठेही न उचलता पानापानांतून गेलेली. दर चार बोटांवर एक पोपट.

"तिसरा बघ," आप्पाजी म्हणाले. "चोच चुकलीय. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं."

"मग नीट का नाही केली?"

"वर तांब्याचा पेला सांडला होता. खोडलं असतं तर कागद फाटला असता. राहू दिली."

पेल्याचा गोल डागही तिथे होता.

कस्तुरी आता घाई करत नव्हती. आधी सगळी चित्रं तिने आपल्या लॅपटॉपवर घेतली. मग वरून आपली एक जादा डिस्क आणली. तिच्यावर जुन्या सहलींचे फोटो होते, ते लॅपटॉपवर हलवले आणि तिथेही चित्रं घेतली. दोन्हीकडे मोजली. मग चित्रं अण्णावर परत ठेवली. आणि इतकं सगळं झाल्यावर, पावणेबाराला, सकाळचीच ओळ पुन्हा लिहिली. तम्माला परत घे.

०.३ टक्के. उरलेला वेळ सव्वादोन तास.

"आता काय करायचं?" आप्पाजींनी विचारलं.

"संत्री सोलायची."

राजलक्ष्मी, बारा वाजून दहा मिनिटं, साधारण १८ टक्के

राजलक्ष्मी आणि तिची मुलगी साडी घेऊन आल्या. कन्नडमध्ये बोलणं झालं, त्यातलं कस्तुरीला निम्मं कळलं. पडद्यावर वेल मोठी करून दाखवली तेव्हा मुलीने वाकून, न शोधता, तिसऱ्या पोपटावर बोट ठेवलं. लहानपणी अल्बम उघडला की तिला हाच हवा असे, राजलक्ष्मी म्हणाली. फोटोत चोच दिसतही नाही, पण आईने एकदा सांगितलं होतं, यातला एक तोंड वाकडं करून बसलाय.

"ही चोच मी सरळ करून देऊ शकते," तानूबाई म्हणाल्या. "मशीनवर सोपं आहे."

"बेडा," मुलगी म्हणाली. नको. एवढं कस्तुरीला कळलं.

आप्पाजींनी संत्र्याची एक फोड राजलक्ष्मीला दिली, एक मुलीला, आणि चुकून एक संगणकासमोर ठेवली. मग ती उचलून स्वतः खाल्ली.

४१ टक्के

त्या गेल्यावर कस्तुरीने ती राहिलेली एक ओळ लिहिली. तपासायला खोटा निरोप पाठवला. खिशात फोन वाजला.

"झालं?" आप्पाजी.

"झालं."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"श्रावणापासून?"

"आप्पाजी, तुम्ही चित्रं काढलीत, मी काही म्हटलं?"

"नाही म्हटलंस," त्यांनी मान्य केलं. मग पडद्याकडे बघत राहिले. जुनी चित्रं एकेक करून पुढे जात होती. ती त्यांनीच लावायला सांगितली होती. "यातली शंभर तरी वाईट आहेत, खरं सांगतो. हा मोर बघ. कोंबडी झालीय."

"काढू?"

"नको गं. आता मोठी डिस्क आण. कोंबडी राहू दे."

५० च्या पुढे

तानूबाई आतून आल्या. "देव्हाऱ्यात ती जागा रिकामी दिसते," म्हणाल्या. "दीड महिन्याची सवय झाली."

कस्तुरी हसली. मग हसता हसता थांबली. टेबलावर तिची जादा डिस्क पडली होती, चित्रं भरलेली.

"अक्का, मशीनला लिंबू कधी बांधता?"

"अमावास्येला. दर."

"कधी चुकलंय?"

"कावेरी झाली त्या दिवशीसुद्धा नाही. यांच्याकडून बांधून घेतलं."

कस्तुरीच्या कंपनीत ठरल्या दिवशी वेगळी प्रत काढून ठेवण्यासाठी चाळीस पानांचा नियम होता. त्यावर चौघांच्या सह्या होत्या. गेल्या तीन महिन्यांत तो दोनदा चुकला होता, कारण एक जण रजेवर होता आणि दुसऱ्याला वाटलं तिसरा करेल.

"मग असं करू. ही डिस्क देव्हाऱ्यात. अमावास्येला लिंबू बांधलं की हिला खाली आणायचं, ही वायर इथे लावायची. हा दिवा लुकलुकेल. लुकलुकायचा थांबला की वायर काढायची आणि परत वर. मधल्या दिवसांत हिला कुणी हात लावायचा नाही. आप्पाजींनी काही पुसलं तरी मागच्या अमावास्येचं इथे राहील."

"म्हणजे मी केलं तेच."

"तुम्ही केलं तेच. फक्त तम्माला जागेवरून उठवायचं नाही."

"नाव?"

"तुम्ही सांगा."

तानूबाईंनी लाल धागा ओवला. "अक्का. वर बसून दोघा भावांवर लक्ष ठेवेल."

"घरात एक पुरत नव्हती," आप्पाजी म्हणाले.

कागद, दुरुस्त केलेला

एकीवर जे आहे ते सगळं दुसरीवरही आहे.
एकीवरून जे पुसाल ते दुसरीवरूनही पुसलं जाईल.
पुसण्याआधी वीस पायऱ्या चढा.
~~काळजी नको.~~ अमावास्येला लिंबू, मग अक्का.

खाली आप्पाजींनी स्वतः काहीतरी जोडलं आहे. अक्षर इतकं हललेलं आहे की बाहेरच्याला ते वाचता येत नाही. तो पोपट आहे. चोच वाकडी आहे, आणि ही हाताने झाली की मुद्दाम केली, ते त्यांनी सांगितलेलं नाही.

६३ टक्के

तानूबाई देव्हाऱ्यासमोर उभ्या राहिल्या, एका हातात अक्का, दुसऱ्या हातात करंडा.

"गंध?"

"लावा. वरच्या बाजूला, सुकं."

"अक्षता?"

"अक्षता नकोत."

"पाणी नको, ते कळलं मला. फूल?"

कस्तुरीने जरा विचार केला.

"फूल चालेल," ती म्हणाली.